‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या गावात निराशावाद्याचे काम

प्रश्न पेडण्याच्या एका तरुणाचा आहे. तो नगरनियोजन शिकतो आहे. त्याचे म्हणणे असे: ‘समाज पुढे गेला तो स्वप्ने पाहणाऱ्यांमुळे. गोवा मुक्त होईल, घटक राज्य होईल, कोकणातून रेल्वे धावेल, ही सगळी एकेकाळची स्वप्नेच. तुमच्यासारखी जुनी मंडळी मात्र प्रत्येक योजनेत आधी खोट शोधतात, आणि त्याने तरुणांचा उत्साह मरतो. निराशावादाने कधी कुणाचे भले झाले आहे का?’

झाले आहे. फक्त ज्यांचे झाले त्यांना बहुतेक वेळा त्याचा पत्ता लागलेला नाही. पूल पडला तर पहिल्या पानावर बातमी येते. पूल पडला नाही, कारण कुणीतरी कटकट करून त्याचे बेअरिंग वेळेत बदलायला लावले, याची बातमी कोण देणार? निराशावादाचे यश नेहमी न घडलेल्या गोष्टींत असते, म्हणून त्याचे सत्कार होत नाहीत. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव मात्र स्वप्नाळू माणसाचे लागते.

मी संरचना अभियंता आहे. गोव्यातले जुने पूल, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती तपासणे आणि त्यांत काय बिघडू शकते हे कागदावर मांडणे, यात माझे आयुष्य गेले. आमच्या धंद्यात निराशावाद हा नियम म्हणून छापलेला आहे. काँक्रीटची भारतीय संहिता आय. एस. ४५६ उघडून बघ. इमारतीवर येईल असा अंदाज आहे त्याच्या दीडपट भार धरायचा. काँक्रीटच्या ताकदीला दीडने भागायचे, सळईच्या ताकदीला १.१५ ने. बरे, ही ताकद तरी सरासरी असावी? तीही नाही. शंभरातले जेमतेम पाच नमुने जिच्या खाली उतरतील, तो आकडा ताकद म्हणून धरायचा. म्हणजे आधी वाईटातला नमुना निवडायचा, मग त्याची ताकद आणखी कापायची आणि वर ओझे वाढवायचे. किनारपट्टीच्या हवेत सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. संहिता लिहिणाऱ्यांनी सिमेंट पुरवणाऱ्यावर, गवंड्यावर, देखरेख करणाऱ्यावर आणि हिशेब करणाऱ्या माझ्यावर, कुणावरच पुरता विश्वास ठेवलेला नाही. मला त्याचा कधी अपमान वाटला नाही. उलट रात्री झोप लागते ती त्यामुळेच.

आता एक गैरसमज आधीच दूर करतो. ‘या देशाचे काही होणार नाही’ असे तावातावाने सांगत चहा पिणाऱ्याची वकिली मी करत नाही. तो माणूस आणि साइटवर ‘साहेब, काही होत नाही हो’ म्हणणारा ठेकेदार, या दोघांची मला सारखीच भीती वाटते. पहिला काम सुरूच करत नाही, दुसरा केलेले काम तपासत नाही. दोघांनाही भविष्य आधीच ठाऊक असते. मी ज्याची बाजू घेतो आहे त्या निराशावाद्याला भविष्य ठाऊक नसते, म्हणून तो वाईट शक्यतेसाठी जागा राखून ठेवतो. आणि मी ज्याच्या विरुद्ध आहे तो आशावाद म्हणजे सकाळी प्रसन्न मनाने उठणे नव्हे. अपयशासाठी जागाच न ठेवता आखलेली योजना, सगळे लोक शहाण्यासारखे वागतील असे धरून केलेला कायदा, हा माझा विरोधपक्ष.

या अर्थाने गोव्याचा पाया निराशावाद्यांनी घातलेला आहे. खाजन जमिनी घे. मांडवी, जुवारीच्या काठची ही शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. नदीचे खारे पाणी दिवसातून दोनदा वर चढते आणि शेत त्याच्या खाली असते. सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटांत खाजनाचे उल्लेख सापडतात, म्हणजे हा उद्योग निदान दीड हजार वर्षे चालू आहे. तो टिकला कशावर? बांध कधीतरी फुटणारच, या खात्रीवर. बाहेरचा बांध फुटला तर आतला बांध. बाहेरच्या बांधाच्या पायाशी खारफुटी, लाटेचा मार आधी तिने खावा म्हणून. आत साचणाऱ्या पाण्यासाठी पोय, म्हणजे राखून ठेवलेली खोलगट जागा. पाणी सोडायला मानस, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरतीच्या रेट्याने दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. रात्री दोन वाजता जागे राहून दार लावणारा माणूस कधीतरी झोपणार, हे ओळखून केलेली ती रचना आहे. एवढे करूनही खारे पाणी आत येईलच, म्हणून पेरायला कोरगुट. ही खारवटीत तग धरणारी भाताची जात, उतारा कमी पण बुडवत नाही. आणि बांधाला भगदाड पडले की गावकरीतल्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेतल्या, प्रत्येकाने आपले काम टाकून धावायचे, ही रीत. कुणाच्या सद्भावनेवर सोडलेली नव्हे, गावाने बांधून दिलेली.

घरातसुद्धा तेच. पावसाळा सुरू होण्याआधी पुरुमेंत भरून ठेवायचे: उकडे तांदूळ, सुके बांगडे, सुंगटे, सोले, मीठ, मिरच्या, लोणची, लाकडे. मे महिन्यात मडगाव-म्हापशाला आजही पुरुमेंताची फेस्ते, बाजार भरतात. आता चार महिने वाट बंद होत नाही, मासळीही बर्फातून येते, तरी माणसे भरतात. पावसाळा यंदा बरा जाईल असे मनात असणाऱ्या बाईनेही कधी मिठाचे मडके रिकामे ठेवले नाही.

याच खाजनांवर पुढे काय ओढवले, ते मात्र माझ्या दृष्टीने स्वप्नाळू कायदेपणाचे उत्तम उदाहरण आहे. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी देण्याची वाट मोकळी झाली. इथे नीट ऐक, कारण या मुद्द्यावर मला जमीनदारांच्या बाजूचा ठरवण्याची घाई लोक करतात. कायदा न्याय्य होता. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला जमीन मिळायलाच हवी होती. माझी तक्रार एका वेगळ्याच कलमाबद्दल आहे, किंवा ते नव्हते त्याबद्दल. बांध राखण्याची जबाबदारी गावकरीच्या म्हणजे कोमुनिदादच्या हातून सुटून कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि गृहीत असे धरले गेले की जमीन आपली झाली म्हणजे माणूस बांध आपसूक सांभाळील. का सांभाळील? एकट्याच्या शेतापुरता बांध नसतो. बांधावरचा खर्च सगळ्यांचा, आणि दुसऱ्याने केला तर आपले शेत फुकटात वाचते. त्यातून मानशीवरच्या मासळीचा लिलाव हे संघटनांचे मोठे उत्पन्न. लिलाव घेणाऱ्याला मासळी जास्त हवी, म्हणून दार उघडे ठेवण्यात त्याचा फायदा. दार उघडे राहिले की खारे पाणी शेतात. शेत पडीक पडले की बांधाची गरज कुणालाच उरत नाही, आणि पडीक जमिनीवर डोळा ठेवून असणारे तयारच असतात. यात खलनायक शोधायला जाऊ नकोस. प्रत्येकजण आपापल्या जागी समजण्यासारखे वागला आहे. एक निराशावादी त्या मसुद्याच्या बैठकीत असता तर त्याने एवढेच विचारले असते: बांधाचे पैसे कुणी दिले नाहीत तर काय? लिलाव घेणाराच दार उघडे ठेवू लागला तर त्याला अडवणार कोण? उत्तराचे दोन परिच्छेद कायद्यात वाढले असते, न्याय तिळभरही कमी झाला नसता.

गोव्याचा आणखी एक धडा आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात एकच माणूस दोन्ही बाजूंना उभा दिसतो. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणादिवशी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. मागोमाग समुद्र आत शिरला आणि मग शहर कित्येक दिवस जळत राहिले. त्या काळच्या युरोपात, हे जग शक्य त्या सगळ्या जगांतले सर्वोत्तम आहे, या तत्त्वज्ञ लाइबनित्सच्या मताचे वजन होते. व्हॉल्तेअरने लिस्बननंतर या मताची रेवडी उडवली ती गोष्ट जगप्रसिद्ध आहे. मला व्हॉल्तेअरपेक्षा पोर्तुगालच्या मंत्र्याने काय केले यात जास्त रस वाटतो. हाच पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला. त्याने प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती माणसे मेली, समुद्र आधी ओसरला की आधी चढला. नवीन घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा घालायला लावला, म्हणजे दगड कोसळला तरी सांगाडा उभा राहील. त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो हलवून पाहिला. आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधल्या भिंती छपराच्या वर चढवल्या. भूकंप पुन्हा होईल, आग पुन्हा लागेल, हे धरून बांधलेले शहर. लिस्बनचा तो भाग अजून उभा आहे.

तोच पोंबाल, त्याच हयातीत, ओल्ड गोव्याच्या बाबतीत काय करतो पाहा. साथीच्या रोगांनी ते शहर केव्हाच ओस पडत चालले होते. खुद्द व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला आला होता. तरीही १७७० च्या दशकात लिस्बनहून हुकूम सुटले की जुनी राजधानी पुन्हा वैभवाने उभी करा. कामे निघाली, पैसा ओतला गेला, मजूर आणले गेले, आणि त्या रोगट हवेत ते आजारी पडून मेले. शेवटी काम सोडून द्यावे लागले. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, तेव्हा कागदाने वस्तुस्थितीला गाठले एवढेच. बुद्धी तीच, अधिकार तोच, इच्छाशक्ती तर भरपूर. फरक असा की लिस्बनमध्ये पोंबालने ढिगारा डोळ्यांनी पाहिला होता आणि प्रश्न विचारले होते. गोवा त्याने पाहिलेला नव्हता, तो त्याच्या मनातल्या नकाशावर होता. मनातल्या नकाशात डास नसतात. आणि मेले कोण? त्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत.

माझा सगळा युक्तिवाद खरे तर या शेवटच्या प्रश्नावर उभा आहे. स्वप्न पाहणारा आणि स्वप्न फसल्यावर भरपाई करणारा हे एकच असते तर मी तोंड उघडले नसते. ज्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या छपरावर प्रयोग करायचा त्याने खुशाल करावा. समाजाच्या योजनांत तसे होत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. त्यांत बहुसंख्य तिथेच राबणारी, पोट भरायला दुसऱ्या राज्यांतून आलेली होती. गोव्याच्या रात्रजीवनाचे स्वप्न ज्यांनी विकले आणि ज्यांनी विकत घेतले, त्यांपैकी किती त्या धुरात होते? बाहेर पडायच्या वाटा रुंद हव्यात, हे कागदावर मागणारा माणूस कुठल्याही पार्टीत नकोसाच असतो. त्याला एका कर्मचाऱ्याच्या जागी उभा करून बघ, मग त्याची कटकट वेगळी ऐकू येते.

खाणींचेही असेच. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. चीनची मागणी कधी संपणार नाही अशा भरवशावर लोकांनी कर्जे काढून ट्रक घेतले. सांग्यापासून डिचोलीपर्यंत रस्ते लाल झाले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतला दहा टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या. जमिनीतली वस्तू एकदा काढली की संपते, हे कळायला न्यायालय लागू नये. कायमचा निधी म्हणजे सरकारी पातळीवरचे पुरुमेंत. तो पहिल्या दशकात सुरू व्हायला हवा होता. तसे सुचवणारा माणूस तेजीच्या दिवसांत विकासाचा शत्रू ठरला असता, यात मला शंका नाही. अशा बैठकांत मी बसलेलो आहे. चांगल्या दिवसांत वाईट दिवसांचे नाव काढणाऱ्याकडे लोक मर्तिकाचा विषय काढल्यासारखे बघतात.

आता तुझ्या रेल्वेकडे येतो, कारण ते उदाहरण तू दिलेस आणि ते माझ्याच बाजूचे आहे. कोकण रेल्वे हे स्वप्न होते हे खरे. ते नसते तर १९९८ मध्ये गाड्या सुरू झाल्या नसत्या. तुझ्या पेडण्याचा बोगदा तर त्या स्वप्नाला सगळ्यांत महाग पडला. माती इतकी मऊ आणि पाण्याने भरलेली, की खणले तेवढे पुन्हा खाली यायचे. स्वप्नाने रूळ टाकून झाले. गाडी चालवायची वेळ आली तेव्हा जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड रुळांवर येऊन सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला, तोही दगडामुळेच. त्यानंतर ही रेल्वे जी शिकली ते मला तिच्या पुलांपेक्षा मोलाचे वाटते. दरवर्षी जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागू होते आणि ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम हळू धावतात. पाऊस जोराचा असून पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटर. डोंगर कापून केलेल्या कटिंगांवर जाळ्या, रात्रंदिवस गस्त घालणारी माणसे, मांडवी आणि जुवारीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे. दरड कोसळणार नाही असे ही संस्था म्हणत नाही. छापील वेळापत्रकात ती दरवर्षी कबूल करते की कोसळेल, म्हणून आम्ही हळू येतो. प्रवासी चिडतात, मीही चिडतो. पण २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरले, तेव्हा गाड्या थांबल्या, वळवल्या, लोकांचे हाल झाले, आणि एवढ्यावर निभावले.

याच्या उलट मांडवीचा पहिला पूल. १९७० च्या सुमाराला तो खुला झाला तेव्हा पणजीला फेरीबोटीतून सुटका मिळाली म्हणून केवढे कौतुक झाले. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट हे त्या काळचे आधुनिकतेचे निशाण. अशा पुलात ताणलेल्या पोलादी तारा आत दडलेल्या असतात. त्या दिसत नाहीत, म्हणून त्या ठणठणीत असतील असे समजण्याचा मोह होतो. खाऱ्या हवेने तारा गंजल्या आणि ५ जुलै १९८६ रोजी पूल कोसळला. सोळा-सतरा वर्षांचा पूल! माणसे पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत. नवा पूल यायला १९९२ उजाडले. आमच्या पिढीतल्या गोव्याच्या अभियंत्यांना निराशावाद कुठल्या तत्त्वज्ञाने शिकवला नाही, त्या पडलेल्या गाळ्यांनी शिकवला. आतल्या तारेपर्यंत हात पोचत नसेल तर तपासणीची वाट नकाशातच ठेवा, हा आग्रह तिथून आला.

यात आणखी एक बारकावा आहे, तो नियोजन शिकणाऱ्याने वहीत लिहून ठेवावा. निराशावादी माणूस बिघाड टाळण्यापेक्षा बिघाड लहान ठेवण्याकडे जास्त लक्ष देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ जमीन खचली, ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि तिसवाडी, फोंडा तालुक्यांचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. राजधानीचे शहर टँकरकडे डोळे लावून बसले. ज्यांच्या घरच्या विहिरी वापरात होत्या त्यांना फारसे जाणवले नाही. ज्यांनी नळ आल्यावर विहिरी बुजवून वर पार्किंग केले त्यांनी शेजाऱ्याकडे बादल्या नेल्या. जलवाहिनी टाकणे चूक नव्हते. जलवाहिनी आली म्हणून विहीर बुजवणे, म्हणजे एकाच गोष्टीवर सगळा भरवसा टाकणे, हे स्वप्नाळूपण. पर्यटनाबद्दलही मला हीच धास्ती वाटते, पण तो विषय इथे काढला तर उत्तर संपायचे नाही.

माणसांच्या बाबतीत हा निराशावाद किती दूर नेता येतो? माझ्या मते संविधानापर्यंत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले, तो खरे म्हणजे आनंदाचा प्रसंग होता. त्यांनी त्या प्रसंगी काय सांगितले? २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर तिचे चटके सोसणारे लोक लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील. राजकारणात विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणात. स्वतः रचलेल्या वास्तूच्या उद्घाटनाला तिचे कमकुवत सांधे बोटाने दाखवणारा हा माणूस. त्यांना कुणी निराश म्हणेल का? आयुष्यभर एवढे झगडलेला माणूस निराश नसतो. पण राज्यकर्ते सज्जन निघतील या आशेवर त्यांनी काहीच सोडले नाही. न्यायालये वेगळी, लेखापरीक्षक वेगळा, निवडणूक आयोग वेगळा. प्रत्येकावर दुसऱ्याची नजर. मला ती सगळी रचना दीडच्या गुणकाने काढल्यासारखी वाटते.

आता निराशावादाच्या खोटी. त्या आहेत, आणि गोव्यात त्या ठसठशीत दिसतात. आपल्याकडे विरोधाची मोठी परंपरा आहे. २००७ च्या सुरुवातीला जनतेच्या रेट्याने जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा रद्द करून घेतला, तो बरोबरच झाला असे मी मानतो. पण त्याच परंपरेतून प्रत्येक गोष्टीला नाही म्हणण्याची सवयही जडली. कचरा प्रकल्प हवा, पण आमच्या गावात नको. वीजवाहिनी हवी, पण आमच्या डोंगरावरून नको. याला मी निराशावाद म्हणत नाही, ही फुकटेगिरी आहे. खरा निराशावादी काहीही न केल्याचा धोकासुद्धा त्याच वहीत लिहितो. मडगावजवळच्या सोनसड्याचा कचऱ्याचा ढीग हे काही न करण्याचेच फळ होते. ज्या कोकण रेल्वेला नव्वदच्या दशकात गोव्यात कडाडून विरोध झाला, तिच्याबद्दलची मऊ जमीन, खाजने, पाण्याचा निचरा ही शंका रास्त होती. गोवा संपून जाईल ही भीती तशी नव्हती. पहिल्या प्रकारच्या शंकेला अभियंता उत्तर देऊ शकतो. दुसऱ्या प्रकारच्या भीतीला उत्तर नसते, आणि ती बाळगणाऱ्याला ते नकोही असते. हे दोन वेगळे काढता येणे हीच या कामातली अवघड कला, आणि ती मला सगळ्यांत आढळत नाही, अनुभवी माणसांतही नाही.

तरुणांचा उत्साह मरतो हा तुझा दुसरा आक्षेप. इथे मानसशास्त्रातले एक जुने काम सांगण्यासारखे आहे. ज्युली नोरम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये काही विद्यार्थी असे दाखवले, की जे परीक्षेआधी वाईटात वाईट काय होईल याचा विचार करत बसतात आणि त्यातूनच तयारीला लागतात. अशांना ‘तू उत्तमच करशील’ असा धीर दिला तर त्यांची कामगिरी खालावली. म्हणजे सगळ्यांनाच पाठीवर थाप मानवत नाही. काहींचा उत्साह काळजीवर चालतो. माझ्या हाताखालचे जे चांगले अभियंते होते ते बहुतेक या जातीचे. त्यांना ‘काही होत नाही’ म्हणणे म्हणजे त्यांच्या हातातले हत्यार काढून घेणे.

आणि स्वप्नाळूंचा वेळेचा हिशेब कसा असतो हे तू शिकतोच आहेस. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवले की माणूस आपल्या योजनेचा अंदाज तिच्या आत बसून करतो, तशाच इतर योजनांना किती काळ लागला ते पाहत नाही. सिडनीचे ऑपेरा हाउस १९६३ मध्ये ७० लाख डॉलरांत पुरे व्हायचे होते. ते १९७३ मध्ये १० कोटी २० लाखांत झाले. ते सुंदर आहे, हे खरे. पण तेवढे सुंदर निघेल या आशेवर पंचायतीची मासळी-बाजाराची इमारत मंजूर करू नये.

तू विचारले नाहीस, तरी करायचे काय ते सांगतो. गॅरी क्लाइन या संशोधकाने २००७ मध्ये एक साधी पद्धत लिहून ठेवली आहे. योजना मंजूर होण्याआधी सगळ्यांना बसवायचे आणि सांगायचे: समजा पाच वर्षे झाली आहेत आणि ही योजना साफ फसली आहे. ती का फसली ते प्रत्येकाने दहा मिनिटांत लिहा. ‘फसेल का?’ असे विचारले तर हाताखालचा माणूस साहेबांकडे बघून ‘नाही’ म्हणतो. ‘फसली आहे, का ते सांग’ म्हटले की तोच माणूस पानभर लिहितो, कारण आता ते त्याच्या हुशारीचे काम झाले. आमच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंत्यांकडून जे निघायचे ते मोठमोठ्या सल्लागारांच्या अहवालांत नसायचे: त्या वळणावर काँक्रीटचा ट्रक वळतच नाही, त्या विहिरीचा उपसा मार्चमध्ये संपतो, तो पंप दुरुस्त करणारा एकच माणूस आहे आणि तो चतुर्थीला गावी जातो.

ग्रामसभेतही हे चालते. पुढच्या वेळी तुझ्या गावात पडद्यावर रंगीत चित्रे दाखवून एखादा प्रकल्प मांडला गेला, तर विरोध करू नकोस आणि टाळ्याही वाजवू नकोस. तीन गोष्टी विचार. हे बंद पडले तर सगळ्यांत आधी कुणाचे नुकसान होईल, आणि तो माणूस इथे बसला आहे का? दहा वर्षांनी देखभालीचे पैसे कुठल्या खात्यातून येतील? आणि चुकले असे ठरले तर मागे फिरायला किती खर्च येईल? फिरताच येत नसेल तर आधी छोटा भाग करून पाहता येईल का? उत्तर मिळाले तर प्रकल्पाला पाठिंबा दे, मनापासून दे. आणि मांडणारे साहेब हसून ‘तसे काही होत नाही’ म्हणाले, तर सचिवांना सांग की हे वाक्य साहेबांच्या नावासकट इतिवृत्तात लिहून घ्या. बहुतेक वेळा खरे उत्तर त्यानंतर मिळते.